गॉर्डन रॅमसे आणि मामाचं मेनूकार्ड

रात्री साडेबारा-एकला झोप येत नसली की हल्ली मी यूट्यूब उघडतो आणि गॉर्डन रॅमसे कुणाच्या तरी फ्रिजमध्ये डोकं घालून ओरडतोय ते बघत बसतो. बायको म्हणते, घाणेरडे फ्रिजच बघायचे असतील तर आपल्याच फ्रिजचा खालचा ड्रॉवर उघड, मेथीची जुडी कधीची आहे बघ. मुद्दा बरोबर आहे, पण त्या ड्रॉवरला बॅकग्राउंड म्युझिक नाही ना.

तर विषय 'किचन नाइटमेअर्स'. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगायचं तर, बुडायला आलेलं एखादं रेस्टॉरंट असतं, मालक कर्जात, गिऱ्हाईक नाही, आणि तिथे हा जगप्रसिद्ध आचारी जातो, जेवतो, शिव्या देतो आणि मग ते चालतं करून द्यायचा प्रयत्न करतो. बहुतेकांना यातलं अमेरिकन व्हर्जनच माहीत असतं, कारण क्लिपा त्याच्याच फिरतात. पण त्याच्या आधी एक ब्रिटिश व्हर्जन होतं, चॅनल ४ वर, 2004 साली सुरू झालेलं, आणि नशिबाने म्हणा किंवा कंपनीने जिकडे पाठवलं तिकडे गेलो म्हणून म्हणा, मी दोन्ही त्या त्या देशात राहून बघितलंय. आधी लीड्सला आणि मग न्यू जर्सीत एडिसनला.

लीड्सला आम्ही चौघं एका घरात राहायचो, दोघं हैदराबादचे, एक नागपूरचा आणि मी. हॉलमध्ये एक जुना टीव्ही होता, घरमालकाने सोडून दिलेला. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो तिकडे, ऑफिसातून आलं की करायचं काय, तर कुकर लावायचा आणि टीव्ही लावायचा. तिथे रॅमसे पहिल्यांदा भेटला. पहिलाच एपिसोड रिपीटला लागला होता, बोनापार्ट्स नावाच्या रेस्टॉरंटचा, आणि ते निघालं सिल्सडेनचं, म्हणजे आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आतलं गाव. तिथला मुख्य आचारी एकवीस वर्षांचा पोरगा. डोक्यात एकदम फाइन डायनिंग. त्याने रॅमसेला स्कॅलप खायला दिले, शिंपल्यातला तो पांढरा गोल मांसाचा तुकडा असतो ना तो, आणि ते सडलेले होते, रॅमसे बाहेर जाऊन ओकला, आणि हे सगळं कॅमेऱ्यात. मग परत येऊन त्याने त्या पोराला सांगितलं, बाबा रे, मला एक ऑम्लेट करून दाखव. आणि पोराला धड ऑम्लेट जमेना.

आमचा नागपूरवाला तेव्हा हातातला डाव वरणात तसाच ठेवून म्हणाला, "अबे, एवढं तर मला बी येते."

मला तो ऑम्लेटचा सीन अजून डोळ्यांसमोर आहे, कारण त्यात ओरडणं फार नव्हतं. कॅमेरा त्या पॅनवरच राहिला होता. आपण स्वयंपाकघरात उभं राहून कुणाला तरी पोळी उलटताना बघतो ना आणि आपल्याला कळत असतं की आता ही फाटणार, तसं.

ब्रिटिश कार्यक्रमाची चालच वेगळी होती. निवेदन रॅमसे स्वतःच करायचा, पहिल्या पुरुषात, म्हणजे 'आज माझा तिसरा दिवस आहे आणि मला वाटतंय की इथला मालक माझं ऐकत नाहीये' छाप, एखादा मित्र रात्री फोनवर दिवसभराचं सांगतोय असं. तो तिथे साधारण आठवडाभर राहायचा. संगीत बेताचं. शिव्या मात्र भरपूर, आणि त्या अख्ख्या ऐकू यायच्या, कारण ब्रिटनमध्ये रात्री नऊनंतर तेवढी सूट असते. दर एपिसोडला एकदा तरी तो शर्ट काढून आचाऱ्याचा पांढरा कोट घालताना दाखवायचे, का ते देव जाणे, हैदराबादवाल्यांनी त्यावर पैजा लावायला सुरुवात केली होती की कितव्या मिनिटाला काढेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो तिथे काही नवीन आणून द्यायचा नाही. फार तर भिंतीला रंग, एखादी पाटी. त्याचा सगळा जोर काढून टाकण्यावर. चार पानांचं मेनूकार्ड एक पानी कर. सॉसचे सात प्रकार बंद. फ्रोझन बंद, गावातल्या खाटकाकडे जा, समोरच्या शेतकऱ्याकडे जा. इन्व्हर्नेसला, म्हणजे पार स्कॉटलंडच्या उत्तरेला, ला रिव्हिएरा म्हणून रेस्टॉरंट होतं, तिथला फ्रेंच आचारी खरोखर हुशार होता, रॅमसेनेही ते मान्य केलं, पण एकेका ताटलीत तो इतकं काही भरायचा की गावातल्या माणसाला कळेनाच आपण काय खातोय. तिथेही औषध तेच, कमी कर. घाण नव्हती, झुरळ नव्हतं, आळस नव्हता, तरी धंदा बसत होता, आणि तासभर मी ते टक लावून बघितलं. असला एपिसोड अमेरिकेत कुणी केला असता असं मला वाटत नाही.

लँकेशायरमधल्या फेनविक आर्म्स नावाच्या पबचाही एक एपिसोड आहे. तिथल्या मालकाला चित्रविचित्र आकाराच्या प्लेटांचा शौक, पदार्थ कमी आणि क्रोकरी जास्त. रॅमसेने त्याला आणलं कशावर, तर ग्रेव्हीवर. आता ग्रेव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पनीर बटर मसाल्याचा तो तवंगवाला लाल रस्सा येतो, पण इंग्रजांची ग्रेव्ही म्हणजे मांस भाजताना जो रस निघतो त्याचं केलेलं तपकिरी पातळ कालवण. बऱ्याच ठिकाणी ती सरळ पावडरीतून करतात. तर रॅमसेने 'खऱ्या ग्रेव्हीसाठी मोहीम' असं म्हणून चक्क रस्त्यावर मोर्चा काढला, हातात फलक, घोषणा. यातला विनोद मला नंतर कळला. ब्रिटनमध्ये 1971 पासून 'खऱ्या एल बिअर'साठी मोहीम चालवणारी एक संघटना आहे, तिच्या नावावरून ती कोटी होती. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की मोर्चा ग्रेव्हीसाठी आहे आणि आम्ही सोफ्यावर पडून हसलो.

नॉटिंगहॅमच्या करी लाउंजच्या भागात मात्र हसू जरा आवरतं घेतलं. देशी रेस्टॉरंट, चकाचक, आणि मेनूकार्डावर काय, तर मांस तुम्ही निवडा, सॉस तुम्ही निवडा, आम्ही ते एकत्र करून देतो. म्हणजे कुठलाही भात कुठल्याही आमटीशी. रॅमसे वैतागला, आणि मला गंमत वाटली की हा स्कॉटिश माणूस देशी माणसाला सांगतोय, अरे तुझ्या आचाऱ्याला त्याचं त्याचं जे येतं ते करू दे. पण खरं सांगू का, आपल्याकडच्या निम्म्या हॉटेलांच्या मागच्या बाजूला तेच चालू असतं. सकाळी तीन पातेली लावतात, लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, आणि रात्री अकरापर्यंत त्या तिघींतून एकशेदहा भाज्या जन्माला येतात. पनीर टाकलं तर पनीर मसाला, काजू टाकले तर काजू मसाला. फक्त नॉटिंगहॅमवाल्याने ते मेनूकार्डावर छापलं, एवढाच त्याचा गुन्हा.

हे मी इतकं खात्रीने सांगतोय कारण ती तीन पातेली मी अगदी जवळून बघितलीत. मामाकडे.

मामाची कराडला खाणावळ होती. एसटी स्टँडपासून जवळ. आठ टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेला फळा. थाळी, बस. भाकरी किंवा चपाती, एक पालेभाजी, एक कडधान्य, आमटी, भात, ठेचा. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. फळ्यावर खाली 'उधारी बंद आहे' असं कायम लिहिलेलं, जे कधीच बंद नव्हतं. मामी मागे भाकऱ्या थापायची आणि मामा गल्ल्यावर, पण गल्ल्यावर बसून त्याचं नाक मागे असायचं, आमटीला फोडणी जरा जास्त झाली तरी तिथून हाक यायची. ती खाणावळ पुढे काय झाली ते सांगतो, आधी अमेरिकेला जाऊन येऊ.

अमेरिकन 'किचन नाइटमेअर्स' फॉक्स चॅनलवर 2007 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं. मी तिकडे गेलो 2012 ला. एडिसनमध्ये पहिल्या आठवड्यात हे दिसलं तेव्हा मला वाटलं, अरे वा, ओळखीचा माणूस. पाच मिनिटांत कळलं की माणूस तोच आहे पण त्याला दुसऱ्याच कुणीतरी दत्तक घेतलंय. निवेदनाला तिसऱ्याच कुणाचा तरी भारदस्त आवाज, जणू आता भूकंप होणार. दर दोन मिनिटांनी धडाम् असा ढोल. जाहिरात लागायच्या आधी दाखवणार की मालक बशी फेकतोय, जाहिरातीनंतर कळणार की बशी हातातून निसटली. शिव्यांवर सगळीकडे टूँ टूँ, कारण तिकडच्या मोकळ्या प्रसारणाच्या चॅनलला ते चालत नाही, आणि गंमत अशी की त्या टूँमुळे तो दुप्पट शिव्या देतोय असं वाटतं. लीड्सला ऐकलेल्या शिव्या प्रेमळ होत्या की काय असं वाटायला लागलं.

आणि साचा ठरलेला. तो येणार, टेबलावर बसणार, वेट्रेसला विचारणार हे ताजं आहे का, ती बिचारी खरं सांगणार की फ्रोझन आहे. मग तोंडातला घास रुमालात. मग किचन. मग तो मोठा वॉक-इन फ्रिज, त्यात शिजलेलं चिकन आणि कच्चं चिकन एकमेकांच्या मांडीवर. मग भांडण. मग कुणीतरी मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यापाशी रडतंय. मग कळतं की प्रॉब्लेम लसान्याचा नसून बापाने मुलाला कधी शाबासकी दिली नाही हा आहे. मग सगळं कुटुंब एकत्र बसवून समेट, आणि मग रातोरात रेस्टॉरंटचा कायापालट. सकाळी मालकाला आणून, 'ओह माय गॉड', अश्रू, मिठी.

मी हे थट्टेने लिहितोय पण मी ते सगळे बघितलेत, आणि एकदोनदा माझेही डोळे भरून आलेत, उगाच मोठेपणा कशाला.

पहिलाच अमेरिकन एपिसोड घ्या, न्यूयॉर्कजवळच्या बॅबिलोन गावातलं पीटर्स. एका इटालियन कुटुंबाचं. मॅनेजरी करणारा पीटर कडक सूटबूट घालून फिरणार, आणि मागे किचनमधली यंत्रं बिघडलेली. मध्येच वसुलीवाला दारात येतो आणि पीटर त्याच्या अंगावर धावून जातो. शेवटी रॅमसे काय करतो, तर अख्खं नवीन किचनचं सामान आणून देतो. ब्रिटिश भागांची सवय असलेल्या मला तो धक्काच होता. लीड्सच्या टीव्हीवरचा रॅमसे म्हणाला असता, आधी सूट वीक.

हाच तो फरक, म्हणजे मला जाणवलेला. ब्रिटनमध्ये तो येऊन तुमच्याकडचं काहीतरी कमी करायचा, अमेरिकेत तो येऊन काहीतरी भर घालतो. नवी शेगडी, नव्या खुर्च्या, नवं बिलिंगचं मशीन, नवी पाटी. तिकडे टीव्ही बघणाऱ्याला काहीतरी मिळाल्याचं बघायला आवडतं असं असेल, किंवा ज्यांनी त्या खुर्च्या दिल्या त्यांची जाहिरात होत असेल, किंवा बेचाळीस मिनिटांत मेनूकार्ड छोटं केल्याचं चित्र काय दाखवणार हो, कागद तो कागद. भिंत पाडलेली दिसते.

आणि दुसरं म्हणजे, ब्रिटिश भागात तो काही आठवड्यांनी परत जायचा, त्याच एपिसोडच्या शेवटी. आणि कधी कधी सगळं फसलेलं असायचं, ते तसंच दाखवायचे. पॅरिसमध्ये पिकोलो तेआत्रो नावाचं एक शाकाहारी रेस्टॉरंट होतं, त्याचं सगळं नीट लावून देऊन तो गेला, परत आला तर बंद. बोनापार्ट्सही पुढे बंदच पडलं. अमेरिकेत शेवट उद्घाटनाच्या रात्रीच, टाळ्या वाजत असतानाच, रॅमसे अंधारात चालत निघालाय आणि कॅमेऱ्याशी बोलतोय, संपलं. परत भेटीचे भाग निघाले पण ते वेगळे. लग्नाचा अल्बम दाखवायचा आणि संसाराचं विचारायचं नाही, असं.

खरं-खोट्याचा प्रश्न दोन्हीकडे निघाला. ब्रिटनमध्ये ईव्हिनिंग स्टँडर्ड या पेपरने लिहिलं की बोनापार्ट्सचे प्रसंग बनावट आहेत, त्यावर रॅमसे आणि मंडळी कोर्टात गेली आणि 2006 साली पेपरकडून 75,000 पौंड नुकसानभरपाई मिळवली. अमेरिकेत पहिल्या सीझनच्या वेळीच मॅनहॅटनमधल्या डिलन्स या रेस्टॉरंटच्या मॅनेजरने दावा लावला की प्रसंग घडवून आणलेत. हे डिलन्स म्हणजे एक प्रकरणच होतं, एकाच छपराखाली आयरिश, अमेरिकन आणि इंडियन जेवण. रॅमसेने ते निव्वळ भारतीय केलं, नाव ठेवलं 'पूर्णिमा', आणि मदतीला आणला कोण तर विकास खन्ना! आपल्याकडे मास्टरशेफमुळे तो घराघरात पोचायच्या आधीचा. मी तो भाग उलट्या क्रमाने बघितला, म्हणजे आधी विकास खन्ना टीव्ही स्टार म्हणून माहीत होता आणि मग त्यात दिसला, त्यामुळे कुणाच्या तरी लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये आपला पुढचा साहेब वाढताना दिसावा तसं झालं. पूर्णिमाही नंतर बंद पडलं.

आणि मग 2013 चा मे. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलची एमीज बेकिंग कंपनी. नवरा-बायकोचं दुकान, वेटरांची टिप मालकच ठेवून घेणार, आणि बायकोला टीकेचा एक शब्द सहन होत नाही. रॅमसे पहिल्यांदाच अर्ध्यात सोडून निघून गेला. त्यानंतर त्यांच्या फेसबुक पेजवर जो काही तमाशा झाला, मोठ्ठ्या अक्षरांत लोकांना शिव्या, आणि मग आमचं अकाउंट हॅक झालं होतं अशी सारवासारव, ते तर आमच्या ऑफिसात आठवडाभर कँटीनचा विषय होता. मीही हसलो सगळ्यांबरोबर. पण त्या रात्री घरी आल्यावर जरा कसनुसं वाटलं. सबंध तासाभरात जेवणाबद्दल आपल्याला किती कळलं? रॅव्हिओली विकतची होती, एवढं. बाकी सगळा तास आपण एका बाईचा तोल जाताना बघितला. लीड्सच्या त्या पोराला ऑम्लेट येत नाही हे बघताना मला त्याची लाज वाटली होती, म्हणजे त्याच्या वतीने. इथे मला चकली तळायला बसल्यासारखी मजा येत होती, आणि मी अजून दे, अजून दे म्हणत होतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी ठामपणे सांगतो, ब्रिटिशच बघा. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळालाय, टीव्हीचा इंटरनॅशनल एमी पुरस्कार मिळालाय, आणि ब्रायटनच्या मॉमा चेरीचा भाग तर चुकवूच नका. त्यात रॅमसे पहिल्याच जेवणाची ताटली पुसून खातो, जे तो कधी म्हणजे कधी करत नाही. मजा म्हणजे ती बाई मूळची अमेरिकनच, फिलाडेल्फियाची, चिकन-रिब्ज असलं सोल फूड, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांचं घरगुती जेवण, करणारी. हाताला चव आहे, जीव लावते, पण टेबलं रिकामी. रॅमसेने तिचं जेवण बदललंच नाही, फक्त छोट्या वाट्यांत आणलं, थोडं थोडं सगळं चाखता येईल असं, आणि त्या गल्लीत रांगा लागल्या. नंतर ती मोठ्या जागेत गेली. ते मोठं बंद पडलं.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवला.

मामाची खाणावळ कुणी बुडवली नाही, ती वाढली. साधारण 2005 नंतर शेजारचा गाळा मिळाला, तो घेतला. पोरं म्हणाली, आता फळा काय, मेनूकार्ड पाहिजे. मग लॅमिनेट केलेलं मेनूकार्ड आलं, त्यावर वर गणपती, खाली 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी' आणि आत पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन. एकदा सुट्टीवर आलो असताना मी ते मोजलं होतं, एकशेबेचाळीस पदार्थ. कोपरे उसवून प्लास्टिकच्या आत पाणी गेलेलं, त्यामुळे 'व्हेज कोल्हापुरी' चा रंग निळा झाला होता. चायनीजसाठी वेगळा आचारी ठेवला, तो दर तीन महिन्यांनी गावी जायचा आणि यायचा नाही. तीन पातेली आली. लाल, पांढरी, पिवळी. मामीने भाकऱ्या थापणं थांबवलं, कारण लोक रोटी मागत होते, म्हणजे असं पोरांचं म्हणणं. गल्ल्यावर बसून आता मामाला फोडणीचा वास येईना, कारण मध्ये एसीची काच.

लीड्सहून मी तेव्हा फोनवर शहाणपणा केला होता. अगदी रॅमसेच्या थाटात, शिव्या सोडून. मामा, मेनू कमी कर, थाळी परत आण, मामीची भाकरी हीच तुझी खासियत. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं बरं. तिकडं थंडी लई हाय का रं?"

2016 ला शटर ओढलं. कर्ज होतं, पण टीव्हीत दाखवतात तसा वसुलीवाला दारात वगैरे काही आला नाही, पतपेढीत ओळखीचेच लोक, त्यांनी चहा पाजून हप्ते पाडून दिले. एक गाळा विकला, एक भाड्याने दिला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

गेल्या दिवाळीत कराडला होतो. रात्री जेवण झाल्यावर मामा पलंगावर आणि मी खाली गादीवर, झोप दोघांनाही नाही. मी मोबाइलवर आवाज बारीक करून रॅमसे लावला होता. मामा वरून वाकून बघायला लागला. म्हटलं ये खाली. तो आला, चष्मा लावला. मी मुद्दाम ब्रिटिश भाग लावला, मॉमा चेरीचा, म्हटलं बघू याला काय वाटतं. पाच मिनिटांत जांभई. "ही बाई हाताची चांगली दिसती," एवढंच. मग यूट्यूबने आपणहून पुढचा लावला, अमेरिकन. धडाम् धडाम्. मामा सावरून बसला. फ्रिज उघडला तेव्हा "आयला" म्हणाला. मुलगा बापाशी भांडायला लागला तेव्हा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, मला वाटलं बंद करावं का. मग ते रातोरात सगळं नवं करतात तिथपर्यंत आलं, दारं उघडली, मालकीण रडायला लागली, आणि मामाने माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब थांब. मागं घे जरा."

मी मागे घेतलं.

"हितं. थांबव." त्याने चष्मा वर करून मोबाइल नाकाजवळ धरला. रडणाऱ्या बाईच्या मागे स्टीलची नवी कोरी शेगडी दिसत होती. मामा बोटाने पडद्यावर मोजत होता.

"सहा बर्नर हायत," तो म्हणाला. "सहा."

मामी आतून ओरडली, झोपा आता.